घरपोच पिठलं-भाकर

पोरानं नोकरी सोडली, त्याला कोणी काढलं नाही, हे द्वारकाबाईनं शहागडात कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. गिरणीवर सांगितलं, बचत गटात सांगितलं, दवाखान्यात सुई टोचून घेता घेता नर्सबाईलाही सांगितलं. विश्वास एकीचाही बसला नाही. सगळ्याजणी माना अशा हलवायच्या, जशा निवडणुकीत पडलेल्याच्या ओसरीवर बसून हलवतात.

"आसं कुठं आसतं का माय," शेजारची कौसाबाई म्हणाली. "पुण्याची नोकरी, एसीत बसायचं, महिन्याच्या महिन्याला पगार. तिथून कोणी आपल्या पायानं उठून येतं का? काढलाच आसंल. सांग, मन मोकळं कर."

"काढला न्हाई! सोडली त्यानं! राजीनामा दिला!"

"तेच ते. माहेरी यिऊन बसलेल्या बाया बी म्हंत्यात, मीच नांदले न्हाई म्हून."

आता ह्यावर काय बोलणार? द्वारकाबाई बोलली. (काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. कौसाबाईनं त्यानंतर कितीतरी दिवस विरजण मागितलं नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.)

ती खरं सांगत होती, हेच तर दुखणं होतं. अंगदला काढलं असतं तर तिला एवढं लागलं नसतं. काढलेल्याला दुसरीकडं घेतात, लोकांना त्याची कीव येते, सगळं नशिबावर ढकलून मोकळं होता येतं. पण स्वतःच्या हातानं खुर्ची मागं सरकवून, साहेबाला हात जोडून गावी येणाऱ्या पोराचं काय करायचं? त्यात आला तो एकटा आला नाही. अतिकला संगं घेऊन आला. अतिक शहागडचाच, हायवेवर ज्याच्या बापाचं टायरचं दुकान आहे तो. दोघं पुण्याला एकाच कंपनीत, एकाच टेबलाला. एकाला उचकी लागली की दुसरा पाणी प्यायचा, असं त्यांचं.

"माय, हा माझा को-फाउंडर," अंगद म्हणाला.

"त्ये काय आसतं? अतिक हे न्हवं का हा? आपली बोर झोडपायचा त्यो?"

"आम्ही कंपनी काढून राह्यलो, माय. दोघं बी मालक."

"दोघं बी मालक. मंग कामाला कोण?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दोघांनी मिळून तिच्याकडं पाहिलं.

"मावशी," अतिक लाडात आला, "तुमच्या हातच्या भाकरीला अख्ख्या जिल्ह्यात जवाब न्हाई."

कंपनी निघाली ती अशी. फोनवर बोट दाबायचं की चुलीवरची भाकर घरपोच. हायवेचे ट्रकवाले, जालन्यातली होस्टेलं, सुनेच्या हातचं न आवडणारे म्हातारे, सगळी जनता म्हणे बोट दाबायला टपून बसलेली होती. अंगद भिंतीवर कागद चिकटवून बाण काढायचा. सगळे बाण वर जायचे. द्वारकाबाईचा नवरा बद्रीनाथ ओसरीवर बसून ते बाण बघायचा आणि "बघा बुवा" म्हणायचा. (हा माणूस घर जळताना पाहिलं तरी "बघा बुवा" म्हणेल.)

खरी काळजी निराळीच होती. अंगदची सोयरीक झाली होती. अंतरवाली सराटीच्या सर्जेरावची साधना. पोरगी शिकलेली, हसरी, कामाला चपळ. साखरपुडा झालेला, लग्न दिवाळीनंतर. आणि सर्जेरावनं पोरगी दिली होती ती पुण्याच्या नोकरीला. नोकरीच्या संगं अंगद येत होता म्हणून त्यालाही दिली, असं म्हणा. आजकाल गावात राहणाऱ्या पोराला पोरगी कोण देतं? तिशी उलटून गेलेली बिनलग्नाची पोरं पारावर ओळीनं बसलेली असतात, मोबाईलमध्ये मान घालून. डोळे मिटले की द्वारकाबाईला त्या ओळीच्या शेवटी अंगद बसलेला दिसायचा, आणि त्याच्या शेजारी अतिक.

म्हणून तिनं पाव्हण्यांना काही कळू दिलं नव्हतं. "सध्या घरून काम हे" असं चाललं होतं. पण बाजारात कान असतात. एक दिवस सर्जेरावचा फोन आला. बद्रीनाथनं तो उचलला, ऐकला आणि विंचू असल्यासारखा बायकोच्या हातात दिला.

"इहीनबाई, पाव्हन्याला कंपनीनं काढलं म्हून ऐकून राह्यलो."

"काढलं न्हाई! त्यानं सोडली! सोताची कंपनी काढली त्यानं!"

"बरं, काढलं तर काढलं. पन सांगायचं होतं. आमच्या भाऊबंदात कुजबूज सुरू झाली. मला एकदा यिऊन बघावं लागंल."

आता इथं गप्प बसायचं की नाही? "या बघायला" म्हणायचं, चहा पाजायचा, बाणांचा कागद दाखवायचा. पण द्वारकाबाईच्या तोंडाला कडी नाही, कधीच नव्हती.

"तुम्ही कशाला तकलीफ घेता? कंपनीच येती की तुमच्या दारात! शुक्रवारी दुपारी पहिली भाकर तुमच्याच घरी!"

झालं. शुक्रवार येऊन ठेपला.

काय पाठवायचं ह्यावर मालक लोकांत भांडण झालं. अंगदला पनीर हवं होतं. अतिक म्हणाला, त्याची अम्मी रहिमुन्निसा फक्कड खिचडी करती. द्वारकाबाईनं लाटणं आपटलं. "माझ्या चुलीवर पिठलं होईल आन् ज्वारीची भाकर होईल. कंपनीला परवडलं तर ठीक, न्हाई तर कंपनीनं दुसरी चूल बघावी." कंपनीला परवडलं.

मग डबे. अंगदनं मागवलेले छापील डबे कुठल्यातरी गोदामात अडकले होते. फोनवरची बाई रोज "उद्या" सांगायची. भाकरी तयार, पिठलं रटरटतंय, अतिक गाडीला किक मारून उभा, आणि बांधायला काही नाही. द्वारकाबाईनं कुरडया वाळवायचं पांढरं मांजरपाट ट्रंकेतून काढलं, टर्रकन फाडलं आणि भाकरी, वर पिठल्याची तपेली, असं त्यात गच्च बांधलं. पांढरंशुभ्र गाठोडं. तिला तर बघून अभिमान वाटला.

अंगद अतिकला समजावत होता. "कॉन्टॅक्टलेस करायचं, बराबर? पुण्यात असंच राहतं. हाक मारायची न्हाई, बोलायचं न्हाई. उंबऱ्यावर ठेवायचं, फोटो काढायचा, गुपचूप निघायचं. येतो-जातो काही म्हणायचं न्हाई."

"बिलकुल," अतिक म्हणाला. शुक्रवार असल्यानं तो पांढरा कुर्ता घालून आला होता, परस्पर नमाजला जायचं म्हणून.

"आन् ऐक रं," द्वारकाबाईनं आपल्या पदरची भर घातली, "पाव्हन्याचं घर हे. चप्पल बाहेर काढ. मान खाली घालून जा. दात काढत उभा राहू नको."

पोरगं आज्ञाधारक. सांगितलं तसंच्या तसं करून आलं.

तासाभरानं सर्जेरावचा फोन आला. ह्यावेळी द्वारकाबाईनंच झडप घालून घेतला. "कशी वाटली कंपनी?"

 पलीकडून सर्जेराव म्हणाला, "इहीनबाई, आमचा बाप जित्ता हे."

"आसू द्या की! शंभर वर्सं जगू द्या!"

"मंग त्याच्या जित्तेपनी आमच्या उंबऱ्यावर कडू भाकर कामून धाडली?"

तेव्हा कुठं द्वारकाबाईच्या पायाखालची जमीन हलली. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत. सोयरे-धायरे पिठलं-भाकर करतात, फडक्यात बांधतात, मान खाली घालून उंबऱ्याशी आणून ठेवतात. बोलत नाहीत. निघताना "येतो" म्हणत नाहीत. हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. अशी गाठोडी तिनं स्वतःच्या हातानं किती घरी नेऊन ठेवली असतील, त्याचा हिशेब नाही. अंगद पुण्यात राहून विसरला असेल, अतिकला ठाऊक असायचं कारण नाही. हिला काय झालं होतं? (काय होणार? डोक्यात कंपनी शिरली होती.)

बद्रीनाथ म्हणाला, "बघा बुवा," आणि टोपी घातली. चौघं काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून अंतरवालीला गेले.  वाटेत अतिक हळूच म्हणाला, "मावशी, मयत झाली तर आमच्यात बी चूल न्हाई पेटवत. शेजारचे आणून देतात. पर आमच्यात पिठलं नसतं ना. मला काय मालूम!"

सर्जेरावच्या अंगणात माणूस मावत नव्हता. त्याचा म्हातारा बाप, रामकिसन आबा, कित्येक महिन्यांपासून ओसरीवरच्या बाजेला खिळलेला. दुपारी तोंड उघडं टाकून झोपलेला. सर्जेरावची चुलती पाणी भरून आली तर पांढऱ्या कपड्यातला माणूस मान खाली घालून उंबऱ्यापासून मागं फिरताना दिसला, उंबऱ्यावर पांढरं गाठोडं, गाठोड्यात पिठलं-भाकर. तिनं बाजेवरच्या उघड्या तोंडाकडं पाहिलं आणि असा हंबरडा फोडला की शेतातली माणसं धावत आली. आबाला हलवून बघावं, असं एकालाही सुचलं नाही. भाकर आली म्हणजे माणूस गेलंच असणार, नाहीतर भाकर आलीच कशाला? कोणीतरी तत्परतेनं तिरडीचे बांबूही आणले होते. ते अजून भिंतीला टेकवलेले होते आणि आणणारा म्हणत होता, "आता आणलेत तर राहू द्या. परत कुठं नेता."

"मी अंबडच्या बाजारात होतो," सर्जेराव म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "फोन आला, बाप गेला. भर बाजारात मी गुडघ्यावर बसून रडलो, पाव्हनं. लोकांनी पानी पाजलं, जीपमधी घालून आणलं. घरी येतो तर बाप बाजेवर बसून इचारतो, कोन गेलं रं?"

"मंग तुम्ही काय सांगितलं?" बद्रीनाथनं विचारलं. ("बघा बुवा" सोडून दिवसभरात एक वाक्य बोलला आणि तेही हे.)

 सर्जेरावची बायको बेबीनंदा पदर तोंडाला लावून भिंतीकडं तोंड करून बसली होती. साधनानं सगळ्यांना पाणी दिलं. द्वारकाबाईजवळ तांब्या ठेवताना ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, ह्यांचं समजू शकते, अतिकभाऊंचं बी समजू शकते. पन तुम्ही होता ना घरात?"

द्वारकाबाईनं तांब्या तसाच मागं सरकवला.

सर्जेरावचे भाऊबंद एकेक करून बोलायला लागले. सोयरीक ठेवायची नाही, असाच सगळ्यांचा सूर. अंगद "टेक्निकल चूक" म्हणायला गेला तेव्हा एक जण बांबूकडं सरकला. तेवढ्यात बाजेवरून खाकरा आला.

"ती भाकर कुठं ठिवली?" आबानं विचारलं.

"आबा, ती खायाची न्हाई. कडू भाकर हे ती."

"मेलंय का कोनी?"

"न्हाई."

"मंग कडू कशी? आन इकडं."

कोणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. साधनानं गाठोडं सोडलं. आबा दात नसलेल्या हिरड्यांनी पिठल्यात भिजवलेली भाकर चघळत राहिला, आणि अख्खं अंगण, बांबूवाल्यासकट, तिकडं बघत राहिलं.

"पिठलं ब्येस हे," आबा म्हणाला. "मीठ कमी हे. उद्या बराबर टाका."

"उद्या?"

"रोज धाडा. म्या सांगतो. आन् सर्ज्या, सोयरीक मोडली तर भाकर कोन धाडील रं मला? मोडायची न्हाई."

तर अशी ती सोयरीक एका म्हाताऱ्याच्या भुकेवर टिकली. द्वारकाबाई रोज उठून आबासाठी पातळ भाकर थापायची, पीठ दुधात मळायची, मीठ बोटावर चाखून बघायची. आपल्या सासऱ्याला तिनं कधी एवढं प्रेमानं वाढलं नव्हतं. (सासरा आता हयात नाही, म्हणून लिहिलं.) देवापुढं दिवा लावला की पहिलं मागणं आबाच्या तब्येतीचं. आबा आहे तोवर साधना आपली, हे तिला पक्कं कळलं होतं. तिकडं साधनानं आबाच्या अंगठ्यानं फोनवर पाच चांदण्या दाबून घेतल्या. ते बघून भाऊबंदांनीही गंमत म्हणून ते ॲप घेऊन ठेवलं. अंगद म्हणाला, "माय, बघ, मार्केट तयार होऊन राह्यलं." अतिकनं भिंतीवर आणखी एक बाण काढला.

आणि मग एका सकाळी साधनाचाच फोन आला. रडत होती. आबा रात्रीतून गेला. झोपेतच. कोणाचा दोष नव्हता, म्हातारा माणूस, महिन्यांचं दुखणं. पण अंतरवालीत एकच बोली झाली: भाकर आधी आली, माणूस मागून गेलं.

चौघं पुन्हा गेले. बांबू तेच होते.

बायकांत बसून द्वारकाबाई खरोखर रडत होती. आबासाठी रडत होती, साधनासाठी रडत होती, पारावरच्या त्या ओळीसाठी रडत होती. बेबीनंदानं तिच्याकडं पाठ फिरवली होती. आणि तेवढ्यात पुरुषांमधून आवाज आला.

टिंग.

बेबीनंदाचा हुंदका अर्ध्यात थांबला. परत, टिंग. मग लागोपाठ, टिंग टिंग टिंग.

अंगदचा फोन. संभाजीनगरचे, परभणीचे, पुण्याचे सोयरे. येणं जमत नव्हतं, पण कडू भाकर तर पोचवायला पाहिजे. आबाच्या चांदण्यांमुळं सगळ्यांना ॲप ठाऊक. ज्यानं त्यानं बोट दाबलं होतं. पत्ता एकच: सर्जेरावचं घर.

"बंद कर रे त्यो फोन!" कोणीतरी गरजलं.

"मामा," अंगद कासावीस होऊन कुजबुजला, "बंद केला तर ऑर्डर कॅन्सल होत्या. मंग तुमच्याच घरी भाकर येणार न्हाई."

खरं होतं ते. खरं होतं म्हणून तर लोक जास्त चिडले. कंपनीची पहिली कमाई, आणि ती ह्या घरी. अतिक मान खाली घालून द्वारकाबाईजवळ आला. "मावशी, क्या करें?" ती उठली. शहागडला परत आली, चूल पेटवली आणि रडत रडत भाकरी थापल्या. मांजरपाट उरलं होतं ते सगळं फाडलं. ह्यावेळी गाठोडी बरोबर घरी, बरोबर कारणानं गेली, आणि लोकांनी खाल्लीही. पण खाताना एकमेकांकडं बघून दात-ओठही खाल्ले. मेल्या घरात धंदा केला म्हणाले.

आबाचा दहावा शहागडलाच झाला, गंगेच्या घाटावर (इकडं गोदावरीला गंगाच म्हणतात). पिंडाला कावळा शिवला, माणसं हात धुऊन पायऱ्यांवर बसली. बायका जरा बाजूला. सर्जेराव बद्रीनाथपुढं येऊन उभा राहिला. मागं त्याचे भाऊबंद, गंभीर तोंडानं.

"पाव्हनं," सर्जेराव म्हणाला, "सोयरीक मोडायची माझी विच्छा न्हाई. साधना बी म्हंती, दुसरीकडं जानार न्हाई. आबाचा शबूद हे. पन भाऊबंद ऐकत न्हाईत. बापाला जित्तेपनी कडू भाकर घातली, ती कोन्या डोक्यातून निघाली, त्याचं नाव त्यांना पाहिजे. नवऱ्या पोराचं नाव निघालं तर सोयरीक तुटली, हे आत्ताच सांगतो."

अतिक लगेच पुढं झाला. "काका, माझं नाव सांगा. मीच ठेवली होती."

"तुला आमच्यातलं काय ठाऊक बाबा. तुझं नाव कोनी धरनार न्हाई."

अंगदनं तोंड उघडलं. द्वारकाबाईनं पायरीवरूनच असे डोळे वटारले की ते परत मिटलं.

आता नाव कुणाचं घ्यायचं? शहाण्या माणसानं काळाचं घेतलं असतं. डबे अडकवणाऱ्या गोदामाचं घेतलं असतं, मोबाईलचं घेतलं असतं. नाहीतर "बघा बुवा" म्हणून वेळ मारून नेली असती, तेवढं तर बद्रीनाथला येत होतं. द्वारकाबाई नवऱ्याकडं बघत होती. तिला खात्री होती, हा काही बोलणार नाही.

लग्न झाल्या दिवसापासून बद्रीनाथनं बायकोचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. आधी "अगं", मग "ऐकलं का", पोरगं झाल्यावर "अंगदची माय". दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं तर तिच्याकडं बोट दाखवायचा. ह्याला आपलं नाव ठाऊक तरी असेल का, असं तिला कधीकधी वाटायचं, आणि एकदा तरी ते त्याच्या तोंडून ऐकावं, असंही वाटायचं. (कोणत्या बाईला वाटत नाही?)

बद्रीनाथनं टोपी नीट केली. पोराकडं पाहिलं, सर्जेरावकडं पाहिलं. मग गंगेच्या काठावर, दोन्ही गावच्या माणसांसमोर, पलीकडच्या तीरावर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तो म्हणाला,

"द्वारकाबाई."